एल्मचे झाड आणि त्याची राखण



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा कंत्राटी कामगारांचा प्रश्न, नाही तर नव्या कामगार-संहिता, असा एखादा विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही एल्मच्या झाडाचे नाव सांगितले. फोनवर क्षणभर शांतता पसरली आणि मग पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "कोणते झाड म्हणालात?" प्रश्न अगदी रास्त होता. तीस वर्षांपूर्वी आम्हीही तोच विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळवता मिळवता आयुष्याचा बराच भाग गेला. आम्ही नववीनंतर शाळा सोडली. वनस्पतिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. इंग्रजी शिकलो ते रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून. तेव्हा आज जे ऐकाल ते कोणा तज्ज्ञाचे प्रवचन नव्हे. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला एका झाडाने लावलेला हा नाद आहे, एवढेच समजावे.

एल्मशी आमची पहिली गाठ पडली ती नाटकात. १९९२ च्या सुमारास आमच्या कारखान्यातल्या मंडळींनी कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी एक परदेशी नाटक बसवण्याचा घाट घातला. यूजीन ओनील या अमेरिकन नाटककाराचे 'डिझायर अंडर द एल्म्स', १९२४ साली रंगभूमीवर आलेले. घराच्या दोन बाजूंना दोन प्रचंड एल्म छपरावर ओणवलेले दिसावेत, अशी त्यात लेखकाची सूचना आहे. नेपथ्य करणारा गडी आमच्याच पेंट-शॉपमधला. त्याने विचारले, हे एल्म कसे असते? दिग्दर्शकाने बेधडक सांगितले, वडासारखे. दोन दिवसांत पुठ्ठ्याचे दोन वड पारंब्यांसह उभे! आम्हांला शंका आली म्हणून कोश उघडला. कोशात एल्मपुढे लिहिले होते: 'एक प्रकारचे झाड'. नाटक पुढे पाळ्यांच्या घोळात बारगळले आणि पारंब्या गणपतीच्या आराशीला कामी आल्या. पण ते तीन शब्द मनात सलत राहिले. आमच्याकडच्या हजेरीपत्रकात कंत्राटी माणसांची नावे अशीच असत: हेल्पर एक, हेल्पर दोन.

कोशाने जे सांगितले नाही ते असे की, एल्मच्या कुळातले एक झाड त्या काळात रोज आमच्या डोक्यावर सावली धरून उभे होते. आपला वावळ. ज्यांनी तो नावाने ओळखला नसेल त्यांनीही पाहिला आहे. माघ-फाल्गुनात निष्पर्ण होतो, मग हिरवट चकत्यांच्या घोसांनी असा भरतो की लांबून पालवीच फुटली असे वाटावे. चैत्र-वैशाखात त्या चकत्या वाळतात आणि वाऱ्यावर उडत सुटतात. कागदासारखा गोल पंख आणि मध्ये बी. लहानपणी आम्ही त्यांना पापड्या म्हणत असू आणि आतले बी सोलून खात असू. पान चुरगाळले तर उग्र वास येतो, म्हणून शहाणी माणसे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. इंग्रज अमलदारांनी त्याला 'इंडियन एल्म' म्हटले ते काही उगीच नव्हे. कुळ तेच आहे, चकतीसारखे पंखवाले फळही त्याच धाटणीचे आहे. मात्र एल्मच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, वावळाची कड सपाट असते.

आमच्या कारखान्याच्या दोन नंबर गेटबाहेर असे पाच वावळ होते. गेट मीटिंगा त्यांच्याखाली होत. १९९६ चा संप तिथे बसूनच काढला. उन्हाळ्यात चकत्या पडत आणि भाषण करणाऱ्याच्या तोंडात जात. पुढे २००३ साली वेतनकरार झाला. वाटाघाटी सात महिने चालल्या होत्या, माणसे थकली होती. त्यात नव्या शेडसाठी आणि वाहनतळासाठी गेटबाहेरची जागा 'मोकळी करण्यास' संघटनेची हरकत नाही, असे एक कलम शेवटून तिसऱ्या पानावर होते. आम्ही ते वाचले होते. नजरेतून सुटले असे आम्ही म्हणणार नाही. पाच झाडांसाठी करार अडवून धरायचा तर सभासद आम्हांला वेड्यांत काढतील, असा हिशेब आम्ही केला आणि सही केली. तो हिशेब चुकला असे सभासदांपैकी कोणी आजपर्यंत म्हटलेले नाही. आम्ही म्हणतो. झाडे एका रविवारी तोडली. सोमवारी पहिल्या पाळीला माणसे आली ती उन्हात उभी राहून कार्ड पंच करू लागली आणि त्यांतल्या बहुतेकांना काय बदलले आहे हे लगेच सांगता आले नाही.

मूळ एल्म पाहण्याचा योग आला तो २०१६ च्या सप्टेंबरात. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाचे, टीयूसीचे अधिवेशन त्या वर्षी ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी भरले होते आणि पाहुण्यांच्या गर्दीत मागच्या रांगेत आम्ही होतो. एक दिवस दुपारी ठराव ऐकून डोके भणभणले म्हणून बाहेर पडलो. गावभर मोठमोठी झाडे. पान उचलून पाहिले तर कडेला दाते आणि देठाशी पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, एक बाजू खाली उतरलेली. एल्म ओळखण्याची ही पहिली खूण आम्ही पुस्तकात वाचली होती. पण आपण ओळखले यावर विश्वास बसेना. एका बागेत झाडाकडे मान वर करून पाहत उभा असलेला नगरपालिकेचा माणूस दिसला. त्याला विचारले. तो म्हणाला, होय, एल्मच. आणि मग त्याने आम्हांला अर्धा तास सोडले नाही. आमचे अधिवेशन बुडाले ते बुडालेच.

ब्रायटन-होव्हमध्ये एल्मची सुमारे १७,००० झाडे असल्याचे सांगतात. एल्मचा ब्रिटनचा राष्ट्रीय संग्रह म्हणून या शहराला मान आहे. खारा वारा आणि चुनखडीची पातळ माती एल्म सोसतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात तो तिथे मुद्दाम लावला गेला. तिथे एक रॉयल पॅव्हिलियन म्हणून घुमटांचा वाडा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या आरंभापर्यंत, जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय त्यात होते. आजही त्या वाड्याच्या आवारात एल्म आहेत. बिछान्यावर पडून खिडकीतून ती झाडे पाहणाऱ्या एखाद्या शिपायाला काय वाटले असेल, असा विचार आमच्या मनात आला. त्यालाही कोणी सांगितले असेल, 'एक प्रकारचे झाड'.

आता या झाडाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती कळल्याशिवाय त्याची राखण कळणार नाही.

एल्मला फुले येतात ती पाने येण्याआधी, बारीक आणि लालसर. पंखवाले बी वसंताच्या अखेरीस गळते. अ‍ॅमस्टरडॅम शहरात कालव्यांच्या काठी एल्म इतके आहेत की त्या दिवसांत रस्त्यांवर त्यांचे बी बर्फासारखे साचते आणि लोक त्याला वसंतातला बर्फच म्हणतात. हे बी फार टिकत नाही, ताजेच पेरावे लागते. लाकडाचा तंतू एकमेकांत गुंतलेला असल्यामुळे ते सहसा चिरफाळत नाही. म्हणून विलायतेत गाडीच्या चाकाचा मधला तुंबा एल्मचा करीत आणि आरे ओकचे. सतत पाण्यात ठेवले तर कुजत नाही, त्यामुळे जुन्या लंडनमध्ये जमिनीखालचे पाण्याचे नळ एल्मचे ओंडके पोखरून केलेले असत. आणि गरिबाची शवपेटीही त्याचीच.

इंग्लंडातला जो खास 'इंग्लिश एल्म', तो बियाने क्वचितच वाढतो. मुळांतून फुटवे येतात, त्यांवरच त्याचा संसार. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की हे सगळे एल्म म्हणजे रोमन लोकांनी आणलेल्या एकाच झाडाची फुटव्यांनी वाढलेली संतती आहे. कोलुमेला नावाच्या रोमन शेतीलेखकाने पहिल्या शतकात द्राक्षवेलीला आधार म्हणून ज्या जातीची शिफारस केली होती, तीच ही. म्हणजे इंग्लंडच्या चित्रांत आणि कवितांत दिसणारी लाखो झाडे वस्तुतः एकच झाड! दिसायला किती एकजूट. पण ज्याने एकाला मारता येते त्याने सगळ्यांना मारता येते, हा त्यातला धोका. आमच्या क्षेत्रात आम्ही एकजुटीचे गोडवे गात आलो. सगळे एकाच साच्यातले असणे आणि एकजूट असणे यांत फरक आहे, हे आम्हांला झाडाकडून शिकावे लागले याची थोडी लाज वाटते.

मारणारे आले. पहिल्या महायुद्धानंतर हॉलंड आणि आसपासच्या देशांत एल्म उन्हाळ्यातच पिवळे पडून मरू लागले. कोणी म्हणाले दुष्काळ, कोणी म्हणाले युद्धातल्या विषारी वायूचा परिणाम. खरे कारण शोधले ते हॉलंडमधल्या स्त्रियांनी. योहाना वेस्टरडाइक या तिथल्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक, १९१७ साली नेमलेल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्त्स या विद्यार्थिनीने १९२२ च्या प्रबंधात दाखवले की हे काम एका बुरशीचे आहे. पुष्कळ विद्वानांनी मान हलवली. मग ख्रिस्तीन बाउसमान यांनी १९२७ साली ते पुन्हा आणि पक्के सिद्ध केले. रोग हॉलंडात जन्मला नाही, तिथे ओळखला गेला, आणि जगाने त्याला नाव दिले 'डच एल्म रोग'. दुखणे कोठे आहे हे जो पहिल्याने सांगतो त्याच्याच नावावर ते दुखणे चढवायचे, ही रीत कारखान्यातही आहे.

रोग पसरतो असा. सालीत राहणारा एक छोटा भुंगेरा मरणाऱ्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतो. नवे भुंगेरे बाहेर पडतात तेव्हा अंगावर बुरशीचे बीजाणू असतात. ते निरोगी झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यांत चरायला जातात आणि बुरशी आत शिरते. झाड तिला अडवायला आपल्याच जलवाहिन्या बुजवून टाकते आणि तहानेने मरते. १९६० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर या बुरशीची आणखी जहाल जात ब्रिटनमध्ये उतरली. त्यानंतर तिथले अडीच कोटींहून अधिक एल्म गेले, असा अंदाज नेहमी दिला जातो. मुळे मात्र जिवंत राहतात. कुंपणात फुटवे येतात, पंधरा-वीस वर्षे वाढतात आणि खोड जाड झाले की भुंगेरा त्यांना शोधून काढतो. जे कुंपणात छाटून बुटके ठेवले जातात ते वाचतात. मान खाली घातली तर जगू देतो, वर काढली की मारतो. या वाक्यावर ब्रायटनच्या त्या माणसाने आमच्याकडे पाहून डोळे मिचकावले. तोही संघटनेचा सभासद होता.

आणि एक वाट आहे, ती जमिनीखालची. शेजारी शेजारी लावलेल्या एल्मची मुळे एकमेकांना भेटतात आणि जुळून एक होतात. एका झाडाचा रस दुसऱ्यात जातो, तशी बुरशीही जाते. तिला भुंगेऱ्याची गरजच उरत नाही. रस्त्याकडेची एक रांग अशा रीतीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

मग ब्रायटन कसे वाचले? थोडे दैव: दक्षिणेला समुद्र, उत्तरेला डाउन्सच्या उघड्या टेकड्या, त्यामुळे भुंगेऱ्याला सोपी वाट नाही. बाकी सगळी माणसांची मेहनत. १९७० नंतरच्या दशकापासून नगरपालिकेची माणसे दर उन्हाळ्यात झाड अन् झाड पाहत फिरतात. एखाद्या फांदीची पाने भर मोसमात पिवळी पडून सुकली, डहाळीचे टोक मेंढपाळाच्या काठीसारखे वळले, डहाळी सोलली तर लाकडावर तपकिरी रेषा दिसल्या, की रोग आला. लवकर सापडला तर फांदी खालपर्यंत कापून कधी कधी झाड वाचते. नाही तर झाड पाडायचे, साल काढून नष्ट करायची आणि शेजारच्या झाडापर्यंत रोग जाऊ नये म्हणून मधे खोल चर खणून जुळलेली मुळे तोडायची. खाजगी बागेतल्या झाडांवरही लक्ष ठेवावे लागते. एल्मचा सालासकट ओंडका जळणासाठी कोणी परसात रचून ठेवला, तर त्या एका घराच्या शेकोटीने सगळी आळी धोक्यात येते. तो माणूस म्हणाला, आमचे निम्मे काम झाडांचे आणि निम्मे दारावरची घंटा वाजवण्याचे. आम्ही म्हटले, आमचेही तसेच.

त्याने आम्हांला प्रेस्टन पार्कजवळचे जुळे एल्म दाखवले. चारशे वर्षांचे, इंग्लिश एल्मपैकी जगातले सर्वांत जुने मानले जाणारे. बुंधे आतून पोकळ, वर पालवी ताजी. आम्ही एकाच्या सालीवर हात ठेवून उभे राहिलो. २०१९ साली बातमी वाचली की त्या दोघांपैकी एकाला रोग लागला आणि तो पाडावा लागला. चाळीसांहून अधिक वर्षांच्या पहाऱ्यानंतरही. दुसरा वाचवण्यासाठी धडपड झाली. हात ठेवला तो कोणत्यावर होता, हे आम्हांला आठवत नाही.

परत आल्यावर वाचनाचा सपाटा लावला तेव्हा स्टॉकहोमची हकीकत सापडली. शहराच्या मध्यभागी, कुंग्सट्रेडगार्डन या बागेत तेरा एल्म होते. १९७१ साली भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या दारासाठी ते तोडायचे ठरले. लोकांनी झाडांखाली मुक्काम ठोकला. ११ मेच्या रात्री पोलीस आणि करवतवाले आले. माणसे झाडांवर चढली, धक्काबुक्की झाली. बुंध्यांवर करवत चालली, पण झाड एकही पडले नाही आणि शेवटी स्थानकाचे दार दुसरीकडे काढण्यात आले. स्थानक १९७७ साली सुरू झाले. करवतीचे व्रण झाडांवर राहिले. या हकीकतीतली एक गोष्ट आम्हांला बोचते आणि ती आम्ही लपवणार नाही. तोडीच्या बाजूने उभे राहिलेल्यांत कामगार चळवळीतून वर आलेले पुढारीही होते. रेल्वे कामगारांसाठीच हवी होती, त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमची शेडही रोजगारासाठीच होती. फरक इतकाच की तिथे दार दुसरीकडे काढता येईल का, असे विचारणारे लोक निघाले. २००३ साली वाहनतळ गेटच्या पलीकडच्या पडीक तुकड्यावर करा, असे आम्ही नुसते विचारले असते तरी चालले असते. तो तुकडा आजही पडीक आहे.

असो. आता बागेत एल्म लावणाऱ्यांविषयी. शोभेच्या एल्ममध्ये सर्वांत देखणा म्हणून स्कॉटलंडमधल्या डंडी शहराजवळचा कॅम्परडाउन एल्म सांगतात. १८३५ ते १८४० च्या दरम्यान तिथल्या उमरावाच्या इस्टेटीवरच्या डेव्हिड टेलर नावाच्या वनरक्षकाला रानात जमिनीवर सरपटत वाढणारे एक वेडेवाकडे एल्म दिसले. दुसऱ्याने पायाखाली घातले असते. त्याने ते उचलून आणले आणि त्याच्या डहाळ्या सरळ वाढणाऱ्या विच एल्मच्या खुंटावर कलम केल्या. वरून छत्रीसारख्या फांद्या खाली लोंबू लागल्या. जगातला प्रत्येक कॅम्परडाउन एल्म त्या एकाच झाडाचे कलम आहे. नाव मात्र इस्टेटीचे लागले, टेलरचे नव्हे. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव, ताग जाई बंगालमधून. पण तो विषय काढला तर आम्ही आज थांबणार नाही.

या कलमाची एक खोड आहे. खुंट दणकट असतो आणि कलमाच्या खालून सरळ धुमारे फेकत राहतो. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर सगळा रस ते ओढतात आणि चार-सहा वर्षांत वरची छत्री मरून नुसता खुंटच झाड होऊन बसतो. कराराच्या कलमाचेही असेच होते. सही झाल्यावर खालून काय फुटते आहे ते पाहणारा कोणी हवा.

आमच्या हवेत कॅम्परडाउन तगणार नाही, त्याला थंडी हवी. चिनी एल्म मात्र पुण्याकडे तगतो. पाने लहान, झाड आटोपशीर आणि साल खवल्यांनी सुटून खाली नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात, ती शोभा पानांपेक्षा जास्त. डच रोगालाही तो बराच दाद देत नाही. बोन्सायवाल्यांचा तो आवडता. आमच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका सभासदाने बारा वर्षे थाळ्यात वाढवलेला असा एक एल्म आम्हांला भेट दिला. झाड वीतभर. बोन्साय करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, त्यात मोठी कला आहे. पण बारा वर्षे थाळ्यात काढलेल्याला जमीन मिळावी असे आम्हांला वाटले. त्यांची परवानगी घेऊन २०१७ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, संघटनेच्या कचेरीच्या आवारात ते लावले.

लावताना काय केले आणि काय चुकले ते सांगतो. खड्डा रुंद केला, फार खोल नाही. थाळ्यात गोल गोल फिरलेली मुळे हळूच सोडवून बाहेर पसरवली. तशीच पुरली असती तर ती पुढे बुंध्यालाच फास घालतात. मातीत थोडे कुजलेले शेणखत, जास्त नाही. आळे बुंध्यापासून हातभर दूर, म्हणजे पाणी बुंध्याशी साचत नाही. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी. रोज चमचाभर पाणी घालणारे झाडाची मुळे वरच्या वर ठेवतात. पश्चिमेच्या उन्हाला गोणपाटाचा आडोसा. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन.

पहिली चूक आमची. झाड 'झाडासारखे' दिसावे म्हणून खालच्या सगळ्या डहाळ्या आम्ही पहिल्याच वर्षी कापल्या. खोड काठीसारखे बारीक राहून वाऱ्याने वाकू लागले. खालच्या डहाळ्या तात्पुरत्या ठेवायच्या असतात, खोडाला जाडी त्या देतात. मग एक-एक करून दोन-तीन वर्षांत काढायच्या, त्याही थंडीत. जिथे तो भुंगेरा आहे तिथे उन्हाळ्यात छाटलेच तर ताज्या जखमेच्या वासाने तो येतो. आपल्याकडे ती भीती नाही, पण सवय चांगली.

दुसरी चूक सगळ्यांची. वाकू नये म्हणून आधाराचा बांबू ठोकला आणि कोणीतरी कारखान्यातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खोड बांधले. वर्षभराने पाहिले तर पट्टी सालीत रुतलेली. बांधणारा आमचाच, बांधताना दहा जण उभे, फोटोही निघाला. सोडायचे काम कोणाचेच नव्हते. झाड त्या जागी आजही थोडे फुगलेले आहे. त्या दिवशी कचेरीच्या फळ्यावर पाळ्यांचा तक्ता लावला: कोणता महिना, कोणता विभाग, पाणी, आळे, बांधणी तपासणे. आता सुताच्या रुंद पट्ट्या सैल बांधतात आणि दर दोन महिन्यांनी सोडून पाहतात. झाड कचेरीच्या पत्र्याच्या वर गेले आहे आणि गेल्या दोन हिवाळ्यांत साल सुटू लागली आहे.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोगाला तोंड देणारे एल्म घडवण्यासाठी डच शास्त्रज्ञ हान्स हेब्रुक १९६० साली काश्मीरकडे आले आणि हिमालयातल्या एल्मच्या डहाळ्या घेऊन गेले. त्या रक्ताचे संकर पुढे हॉलंडमध्ये तयार झाले आणि युरोपच्या रस्त्यांवर लागले. १९९५ साली हिमालयातल्या एल्मवर राहणाऱ्या त्याच बुरशीच्या एका भावंडाचा शोध जाहीर झाला. तिथे झाड आणि बुरशी एकत्र नांदतात, साथ माजत नाही. आज मात्र आपला हा हिमालयी एल्म संकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. गुरांच्या चाऱ्यासाठी त्याच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात. छाटणाऱ्या बायकांना दोष देऊन उपयोग नाही, चारा दुसरा कुठला ते आधी सांगावे लागेल.

येताना आम्ही मुद्दाम चालत आलो. वाटेवर दोन वावळ अजून आहेत आणि त्यांच्या चकत्या आपल्या मंडपाच्या पायऱ्यांपर्यंत आल्या आहेत. त्यांतल्या गोळा करून दाराशी एका पिशवीत ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी मूठभर न्याव्यात. ताज्या असतानाच, या आठवड्यात, अर्धा बोट मातीखाली पेराव्यात आणि माती ओलसर ठेवावी. झाड मोठे होते, म्हणून भिंतीपासून निदान वीस फूट अंतर सोडावे. फुलोऱ्याच्या परागांचा काहींना त्रास होतो, तेव्हा ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्यांनी अंगणात लावू नये, रस्त्याकडेला लावावे. आणि रोप हातभर झाले की पाणी कोण घालणार ते लावण्याआधीच ठरवून घ्यावे. पिशवी उजव्या हाताच्या दाराशी, चपलांच्या फळीजवळ आहे.